डोळा कोणावर गेला

"अगंबाई, हा डोळा घारा होतोय," सासूबाई म्हणाल्या, आणि ओवाळायचं थांबून निरांजन तसंच हातात धरून राहिल्या.

केतकीचं बोरनहाण चाललं होतं. अजून वर्षाचीही नव्हती ती. काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावर हलव्याचा मुकुट, आणि मुकुट खाता येतो हे नुकतंच कळल्यामुळे दोन्ही हात वर. चिपळूणला संध्याकाळी दिवे जायची शिस्त होती, त्याप्रमाणे ते गेले होते. अंधाऱ्या खोलीत निरांजन हललं की केतकीचा डावा डोळा आतून चमकत होता. पिवळट पांढरा, मांजराचा चमकतो तसा. बोरं वेचणारी पोरं तशीच राहिली आणि सगळ्या बायका डोळ्याभोवती गोळा झाल्या.

हे दुसऱ्या कुठल्या घरात झालं असतं तर लोक घाबरले असते. पण माझं सासर म्हणजे खांबेट्यांचं घर. तिथे घारे डोळे ही इस्टेट होती. माणूस कसा का असेना, डोळे घारे असले की त्याला जेवायला पहिल्या पंगतीत पाट. माझे सासरे मी लग्न होऊन येण्याआधीच गेले होते. त्यांच्याबद्दल मला घरात एकच माहिती मिळाली, की डोळे काय होते हो त्यांचे.

मी आंबेजोगाईची, चौसाळकरांची वैजू. हेमंत आमच्याकडे बँकेत बदलीवर आला आणि परत जाताना मला घेऊन गेला. हेमंत घारा, त्याची आई घारी. माझे डोळे काळे. सासूबाई कोणाला माझी ओळख करून देताना म्हणायच्या, "रंगाने उजळ आहे तशी. डोळे आपले साधेच." केतकी झाली तेव्हा दवाखान्यात त्यांनी आधी मुलगा की मुलगी हे विचारलं नाही, पाळण्यात वाकून म्हणाल्या, "डोळे कोणावर गेलेत बघू." तान्ह्या मुलांचे डोळे करडे दिसतात, त्यामुळे सगळ्यांना आशा होती. केवड्याच्या पिवळट रंगावरून केतकी हे नावही त्या आशेपोटीच ठेवलं. पुढे दोन्ही डोळे स्वच्छ काळे झाले, तेव्हा सासूबाई माझ्याशी बरेच दिवस कामापुरतंच बोलत होत्या.

आणि आता हा डोळा.

"सरका, सरका," म्हणत भाऊकाका पुढे आले. भाऊकाका म्हणजे हेमंतचे सख्खे काका. रिटायर झाल्यापासून खांबेटे घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत होते. कोण कधी जन्मला, कुठे मेला, यापुढे 'नेत्र' असा एक रकाना त्यांनी आपल्या मनाने घातला होता. त्यांनी खिशातून बॅटरी काढून केतकीच्या तोंडावर मारली. डोळा लख्खकन चमकला.

"शंभर टक्के," भाऊकाका म्हणाले. "हा दत्तोपंतांचा डोळा."

दत्तोपंत हे हेमंतचे खापरपणजोबा. त्यांचा फोटो नाही, चित्र नाही, त्यांना पाहिलेलं माणूस जिवंत नाही.

"पण एकच डोळा कसा?" मी विचारलं.

"आधी एक होतो, मागून दुसरा. दत्तोपंतांचं तसंच झालं होतं."

हे त्यांनी तिथल्या तिथे रचलं होतं, ते माझ्या लक्षात आलं. पण सासूबाईंची हरकत निराळी होती. "काहीतरीच काय भाऊजी," त्या म्हणाल्या. "खांबेट्यांचे घारे हिरवट असतात. ही झाक पिवळी आहे. ही माझ्या माहेरची, मुरुडच्या घैसासांची." मग डोळा खांबेट्यांचा की घैसासांचा यावर जी बोलाचाली सुरू झाली, तिच्यात चहा दोनदा झाला. चौसाळकरांचा म्हणून कोणी दावा केला नाही. चौसाळकरांचा जो उजवा डोळा होता, तो बिचारा मुकुटातला हलवा शोधत होता.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडे हळदीकुंकवाला येणारी प्रत्येक बाई वाण घेऊन आणि डोळा बघून जायची. उजेडात तो नीट दिसत नसे, म्हणून भर दुपारी खिडक्या लावून घ्यायच्या, पडदे ओढायचे, आणि भाऊकाका बॅटरी मारायचे. गुहागरहून कोण कोण आलं. एका मावशींनी तर आपल्या नातवासाठी आताच शब्द टाकून ठेवला. "घारी-गोरी मिळत नाहीत हो हल्ली," म्हणाल्या.

मला मात्र तो डोळा आवडत नव्हता. तो रंग मला कुठल्याच माणसाच्या डोळ्यातला वाटत नव्हता. आणि आता तो थोडा नाकाकडे वळायलाही लागला होता. मी हेमंतला म्हटलं, "आपण एकदा दाखवून आणू या तिला."

"कोणाला?"

"डोळ्याच्या डॉक्टरला."

"अगं, सगळे एवढे खूश आहेत आणि तू कसल्या शंका काढतेस?" हेमंत स्वभावाने चांगला आहे, पण घरात दोन माणसं एका बाजूला असली की तिसरा तोच असतो. त्याने हे आईला सांगितलं. त्या स्वयंपाकघरात आल्या. मी कणीक मळत होते.

"पोर तुझ्यावर गेली नाही, याचं वाईट वाटतंय होय तुला?"

मला इतकं लागलं ते. कणीक मात्र त्या दिवशी फार सुंदर मळली गेली.

पुढे जे झालं ते सासूबाईंच्या हौसेपायीच झालं. शेजारच्या लिमयेकाकू आल्या होत्या. त्यांनी डोळा आधी पाहिला होता, पण सासूबाईंना तो परत दाखवायचा होता. केतकी त्यांच्या मांडीवर, लिमयेकाकूंच्या पर्सच्या चेनशी खेळत होती. छान हसत होती.

"हे बघा," सासूबाई म्हणाल्या, "हा काळा झाकला ना, की घारा कसा उठून दिसतो." आणि त्यांनी केतकीच्या उजव्या डोळ्यावर तळवा धरला.

केतकी हसता हसता गप्प झाली. हातातली चेन सुटली. तिने दोन्ही हात पुढे करून हवेत चाचपलं आणि किंकाळी फोडली.

"भूक लागली असेल," सासूबाई म्हणाल्या, आणि हात काढला. रडणं थांबलं. केतकीने परत चेन पकडली.

मी ओटीवर तांदूळ निवडत होते, ती उठून आत आले. "आई, आता हा झाका," मी म्हटलं, आणि मीच तिच्या डाव्या डोळ्यावर हात धरला. तिला काही वाटलंच नाही. ती माझ्या बांगड्या ओढायला लागली. मग मी उजवा झाकला. पुन्हा तीच किंकाळी, तसेच आंधळ्यासारखे फिरणारे हात.

"लिमयेकाकू, तुम्ही येता?" मी म्हटलं. त्या लगबगीने गेल्या, वाण तिथेच विसरून.

मी तिसऱ्यांदा उजवा डोळा झाकला. या वेळी सासूबाईंनीच माझं मनगट धरून हात बाजूला केला. "पुरे," म्हणाल्या. "दिसत नाही तिला त्या डोळ्याने." एवढंच. त्यांचा आवाज असा मी आधी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तर त्या दारात चपला घालून उभ्या. बाजारपेठेत डॉक्टर मुजावर म्हणून एक तरुण बाई नुकत्याच बसायला लागल्या होत्या. त्यांनी डोळ्यात थेंब घातले, थांबायला लावलं, आणि मग अंधारात कितीतरी वेळ बघत राहिल्या. सासूबाईंना राहवेना. "आमच्याकडे घारे आहेत बरेच," त्या म्हणाल्या, अगदी हळू, जणू सवलत मागत होत्या.

"आजी, घारेपणा हा बुबुळाचा रंग असतो," डॉक्टर म्हणाल्या. "हिचं बुबुळ काळंच आहे, दोन्ही डोळ्यांचं. ही चमक मधल्या बाहुलीतून येतेय. बाहुली काळी दिसते, कारण आत अंधार असतो. हिच्या आत काहीतरी वाढलंय, त्यावर उजेड पडून तो परत येतोय."

"काय वाढलंय?" मी विचारलं.

"गाठ असावी. इथे मी काही करू शकत नाही. उद्याच मुंबईला घेऊन जा. पुढच्या आठवड्यात वगैरे नको."

इतके दिवस आम्ही बॅटऱ्या मारून, पडदे ओढून, वाटीत तिळगूळ घेऊन त्या गाठीचं कौतुक करत होतो.

मुंबईला हेमंत, मी, सासूबाई आणि भाऊकाका. भाऊकाका का, तर मुंबईची माहिती फक्त त्यांना. ती माहिती स्टेशनबाहेर पडताच संपली. हॉस्पिटलात केतकीला भूल देऊन दोन्ही डोळे तपासले, डोळ्याची सोनोग्राफी झाली, डोक्याचा स्कॅन झाला. मग डॉक्टर सातारकरांनी आम्हाला आत बोलावलं. पन्नाशीच्या बाई, केस बारीक कापलेले, बोलताना इकडेतिकडे न बघणाऱ्या.

"डोळ्याच्या आतल्या पडद्यावरची गाठ आहे," त्या म्हणाल्या. "कॅन्सरची. हा लहान मुलांनाच होतो. डावा डोळा गाठीने भरलाय, त्याची नजर गेलेली आहे आणि ती येणार नाही. पण स्कॅनमध्ये डोळ्याबाहेर काही दिसत नाही. डोळ्याच्या मागे शीर असते, ती थेट मेंदूकडे जाते. गाठ त्या शिरेत शिरायच्या आत डोळा काढायला हवा. डोळा जाईल, पण मुलगी वाचेल, असं मला वाटतं."

हेमंतने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"आता मला सांगा," डॉक्टरांनी पेन उचललं, "घराण्यात कोणाला असं काही होतं? लहानपणी डोळा गेलेला, डोळा काढलेला, कोणी लहान मूल डोळ्याच्या आजाराने गेलेलं? कधी कधी हे घराण्यातून येतं."

भाऊकाकांनी घसा खाकरला.

"आमच्याकडे? छे छे. अकरा पिढ्यांची माहिती आहे माझ्याकडे. खांबेट्यांचे डोळे मरेपर्यंत शाबूत. यांच्याकडे विचारा." पेनासारखं बोट माझ्याकडे. "मराठवाड्यातल्या आहेत."

मला हसू आलं. खरंच आलं. पोरीला कॅन्सर आहे असं ऐकून एक मिनिटही झालं नव्हतं आणि मी हसले, तेव्हा डॉक्टरांनी दचकून पाहिलं.

"भाऊकाका," मी म्हटलं, "परवापर्यंत हा डोळा दत्तोपंतांचा होता."

"तो विषय वेगळा."

"पिवळी झाक होती ना? मग घैसासांचा?"

सासूबाई खाली बघत होत्या. त्यांनी घैसासांच्या वतीने ना हो म्हटलं, ना नाही.

डॉक्टर म्हणाल्या, "वाद घालू नका, आईवडिलांचे डोळे मी आत्ताच तपासते." आम्हा दोघांना थेंब घातले आणि बाहेरच्या बाकावर बसवलं. त्या थेंबांनी समोरचं सगळं पुसट होतं. केतकी माझ्या मांडीवर झोपली होती आणि मला तिचं तोंड नीट दिसत नव्हतं. आजूबाजूला टक्कल पडलेली मुलं प्लॅस्टिकच्या मोटारी फिरवत होती, त्यांच्या आया डबे उघडत होत्या. ते सगळं मला धुक्यातून दिसत होतं. मी तिच्या कपाळावरून नुसता हात फिरवत राहिले. ही मरेल, असं मनात स्पष्ट आलं तेव्हाच, आणि मग काही केल्या जाईना.

आमच्या दोघांच्या डोळ्यांत काही निघालं नाही. "आणि हिचा उजवा डोळाही स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाल्या. "एकाच डोळ्यात असलं की बहुतेक वेळा घराण्याचा संबंध नसतो. पेशी वाढताना कुठेतरी चुकतं, एवढंच. तरी उजवा डोळा आपण तपासत राहू. पण हे तुमचं नाही आणि त्यांचंही नाही. कोणाचंच नाही."

भाऊकाकांनी एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. मला मात्र ते ऐकून फार वाईट वाटलं. एवढा भांडून घेतलेला डोळा, आणि आता कोणाचाच नाही. म्हणजे तिचा एकटीचाच.

बाहेर आल्यावर हेमंत रडायला लागला. भाऊकाकांनी त्याला बाजूला घेतलं, पण ते कानाने थोडे कमी असल्यामुळे त्यांचं कुजबुजणं सगळ्या मजल्याला ऐकू जायचं. "घाई करू नकोस. मुलीची जात आहे. एका डोळ्यावर उद्या कोण करणार तिला? संगमेश्वरला माझ्या ओळखीचे एक वैद्य आहेत, लेप देतात. महिनाभर बघू. डोळा काय, नंतरही काढता येईल."

हेमंत माझ्याकडे बघेना. दोन माणसं एका बाजूला कधी होतात याची तो वाट बघत होता. मी सांगायला तोंड उघडलं, तोच सासूबाई उठल्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही संध्याकाळच्या गाडीने चिपळूणला जा. कुलवृत्तांत घरी एकटाच आहे."

"वहिनी, मी तिच्या भल्यासाठी..."

"मी हात धरला होता तिच्या डोळ्यावर. मी बघितलंय." मग हेमंतकडे वळून, "आणि तू रडून झालं असेल तर आत जा, आणि त्या बाईंना सांग काढा म्हणून. सांगतोस की मी सांगू?"

हेमंत गेला. भाऊकाका खरोखरच संध्याकाळच्या गाडीने गेले.

डोळा काढला. तपासणीत शीर स्वच्छ निघाली, पण गाठ डोळ्याच्या भिंतीत थोडी शिरली होती, म्हणून नंतर काही महिने सलाईनमधून औषधं द्यावी लागली. त्यात तिचे केस गेले, तोंड आलं, ताप आला की आम्ही सगळे घड्याळ सोडून तापमापकच बघत बसायचो. सासूबाई मुंबईला माझ्याबरोबर भाड्याच्या खोलीत राहिल्या. तिथे आम्ही दोघी इतक्या भांडलो, भाताच्या पाण्यावरून, दुपट्यांवरून, खिडकीवरून, की चिपळूणला सगळ्या वर्षांत मिळून भांडलो नसू. पण डोळ्यावरून नाही.

घरी परत आलो तर डोळा बघायला येणारी माणसं आता फाटकातूनच विचारायला लागली. बोरनहाणाला तीट लावली नव्हती का, असं लिमयेकाकूंनी विचारलं. नातवासाठी शब्द टाकलेल्या मावशींनी तो न बोलता परत घेतला. पुढे भाऊकाकांचा कुलवृत्तांत छापून आला, जाड पुठ्ठ्याचा, आणि त्यात 'नेत्र' हा रकानाच नव्हता. अकरा पिढ्यांचे सगळे घारे त्या एका मुलीपायी बुडाले. मला ते बघून आनंद झाला हे मी लपवणार नाही.

हे मी हसत सांगते, कारण केतकी आज रत्नागिरीला वकिली करते, आणि कोर्टात समोरचा वकील तिला बघून दबकतो असं तिचं म्हणणं आहे. नेमका कुठला डोळा आपल्यावर रोखलाय हे त्याला कळत नाही म्हणे. पण एक प्रसंग मी हसत सांगू शकत नाही. तो औषधं संपल्यानंतरचा, नवा डोळा बसवायचा होता तेव्हाचा.

डोळे तयार करणारे रेगे नावाचे गृहस्थ होते. दादरला एका जिन्याखाली त्यांची खोली होती, रस्त्याकडे मोठी खिडकी. त्यांनी नमुन्याची पेटी उघडली. मखमलीवर ओळीने डोळे, काळे, तपकिरी, निळे, आणि एका टोकाला घारे. हिरवट आणि पिवळट, दोन्ही झाकांचे.

सासूबाईंची नजर त्या टोकाला जाऊन थांबली. आता या बाई काय बोलतील, आणि बोलल्या तर मी काय बोलेन, याची मलाच भीती वाटली. त्यांनी एक घारा डोळा उचलला. अगदी त्यांच्याच डोळ्यासारखा होता तो. उजेडाला धरून त्यांनी तो बराच वेळ पाहिला, मग पेटीत ठेवला आणि पेटीच लोटून दिली.

"दुसऱ्या डोळ्याशी जुळवायचा आहे हो," त्या रेग्यांना म्हणाल्या.

"जुळवतो, पण ही बसत कुठे नीट?" रेगे म्हणाले. केतकी त्यांच्या ब्रशांच्या बाटलीकडे झेपावत होती. "रंग भरायचा तर समोर डोळा स्थिर पाहिजे मला. घरातला कोणाचा जुळतो हिच्याशी? आईचा, वडिलांचा?"

सासूबाईंनी केतकीला हेमंतकडे दिलं. माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड खिडकीकडे वळवलं, जरा जोरातच.

"हिचा घ्या," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून हिच्यावरच गेलीय पोर. मला दिसत होतं की."

रेगे स्टूल ओढून माझ्यासमोर बसले आणि ब्रश भिजवला. त्यांना नीट बघता यावं म्हणून मी डोळा उघडा ठेवला, पण तो भरून आला आणि वाहायला लागला. सासूबाईंनी माझी हनुवटी सोडली नाही.

"रडू नकोस गं," त्या म्हणाल्या. "रंग कळत नाही त्यांना."